सिक्रेट सर्व्हिसने केलेलं पुस्तक परीक्षण

१ मार्च १९९०. टेक्सास राज्यातलं ऑस्टिन शहर. सकाळीच अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसची माणसं एका छोट्या प्रकाशकाच्या ऑफिसात शिरली. कॉम्प्युटर, हार्ड डिस्क, फ्लॉपी, प्रिंटर, जे दिसलं ते उचललं आणि गाडीत भरलं. कंपनीचं नाव स्टीव्ह जॅक्सन गेम्स. धंदा काय, तर खेळांची पुस्तकं छापणं.

सिक्रेट सर्व्हिस म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या मागेपुढे गॉगल लावून चालणारी तीच. पण तिचा जन्म १८६५ चा, नकली नोटा पकडण्यासाठी झालेला, आणि १९८० च्या दशकात कॉम्प्युटरचे गुन्हेही तिच्याकडे आले होते. दुसऱ्या दिवशी मालक स्टीव्ह जॅक्सन स्वतः त्यांच्या ऑफिसात गेला. जप्त केलेल्या मालात त्याच्या आगामी पुस्तकाचं हस्तलिखित होतं, ते तरी परत द्या म्हणाला. जॅक्सनने नंतर अनेकदा सांगितलेली हकीगत अशी, की तिथल्या अधिकाऱ्याने ते पुस्तक म्हणजे कॉम्प्युटर गुन्ह्यांचं हँडबुक आहे असं त्याला ऐकवलं. अहो, ही विज्ञानकथा आहे, भविष्यकाळातला खेळ आहे, असं हा सांगत राहिला. समोरच्याला ते पटलं नाही.

पुस्तकाचं नाव होतं 'गर्प्स सायबरपंक'. आणि ते होतं एका खेळाची नियमपुस्तिका.

आपल्याकडे हा खेळ अजून फार लोकांना माहीत नाही, म्हणून थोडं सांगतो. रोलप्लेइंग गेम म्हणजे चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दारात उभे आहात, आतून पाण्याचा आवाज येतोय. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून सांगतात, मी दार ढकलतो, मी कान देऊन ऐकते. जमलं की नाही हे फासे ठरवतात. पट नसला तरी चालतो, आणि नाटकासारखं असलं तरी संहिता नसते. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाने असा पहिला खेळ विकायला काढला. तीन बारीक पुस्तिका, एक खोकं, पहिल्या खेपेला १००० प्रती. गायगॅक्स आधी विमा कंपनीत नोकरीला होता. शक्यतांचे तक्ते मांडायची खोड तिथलीच असावी, असा आपला माझा अंदाज.

या खेळाची पुस्तकं मुख्यतः दोन प्रकारची. एक नियमपुस्तिका. दुसरं 'अ‍ॅडव्हेंचर', म्हणजे तयार प्रसंग: नकाशा, नंबर घातलेल्या खोल्या, कुठल्या खोलीत काय आहे याची नोंद. दोन्ही अर्धवट पुस्तकं असतात. उरलेलं अर्धं टेबलावर घडतं. त्यामुळे यांचं परीक्षण करणं हे कादंबरीच्या परीक्षणापेक्षा वेगळं काम आहे. नुसतं वाचून फार तर पाककृतीच्या पुस्तकाइतकं कळतं. भाजी कशी होईल ते चुलीवर ठेवल्याशिवाय समजत नाही.

एक उदाहरण देतो. गायगॅक्सचं 'टूम ऑफ हॉरर्स' हे अ‍ॅडव्हेंचर. १९७५ च्या ओरिजिन्स संमेलनात स्पर्धेसाठी ते खेळवलं गेलं, १९७८ मध्ये छापून आलं. एका दुष्ट जादूगाराचं थडगं, आणि आत ओळीने जीवघेणे सापळे. सुरुवातीच्याच बोळात भिंतीवर एक हिरवट सैतानी चेहरा कोरलेला, जबडा सताड उघडा, आत मिट्ट काळोख. त्यात जो शिरेल तो संपला. फासे नाहीत, दुसरी संधी नाही.

हे पुस्तक नुसतं चाळणाऱ्याला काय दिसेल? मुखपृष्ठापासून राक्षस, थडगी, कवट्या आणि पात्रं मारण्याची पद्धतशीर यादी. खेळलेल्या माणसाला विचारा. तो सांगेल, त्या तोंडात आम्ही आधी काठी घातली, काठीचं टोक नाहीसं झालं, मग अर्धा तास आम्ही वाद घालत बसलो. प्रत्येक खोलीत थांबा, बघा, विचार करा, मगच हात लावा, यावर ते आख्खं अ‍ॅडव्हेंचर उभं आहे. ते फार निर्दय आहे, ही टीकाही खेळणाऱ्यांनीच केली आहे आणि ती रास्त आहे. पण ती टीका टेबलावर बसून आलेली.

अशी जाणती परीक्षणं तेव्हाही येत होती. १९७७ पासून इंग्लंडातून निघणाऱ्या 'व्हाइट ड्वार्फ' मासिकात 'ओपन बॉक्स' नावाचं सदरच होतं. खुद्द जॅक्सनने १९८० मध्ये 'द स्पेस गेमर' हे मासिक विकत घेतलं होतं, त्यातही छोटी छोटी परीक्षणं असत. नियम कुठे अडतात, नकाशा कुठे चुकलाय, पैसे वसूल होतात का. वाचणारे मूठभर.

मोठा वाचकवर्ग वेगळ्याच परीक्षकांना लाभला.

ऑगस्ट १९७९ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला १६ वर्षांचा एक हुशार विद्यार्थी बेपत्ता झाला. घरच्यांनी नेमलेल्या विल्यम डिअर या खाजगी गुप्तहेराने शक्यता मांडली, की पोरगा विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हा खेळ खेळायला गेला असेल. वर्तमानपत्रांना आणखी काय पाहिजे! काही आठवड्यांनी मुलगा लुइझियानात सापडला. त्याच्या अडचणी वेगळ्या होत्या, खोल होत्या, खेळाचा त्यांच्याशी संबंध नव्हता. पुढच्या वर्षी त्याने आयुष्य संपवलं. डिअरने खरी हकीगत १९८४ मध्ये पुस्तकात लिहिली. पण तोवर रोना जॅफे यांची 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' ही कादंबरी १९८१ मध्ये येऊन गेली होती, आणि १९८२ मध्ये तिच्यावरचा टीव्ही चित्रपटही. त्यात खेळापायी भ्रमिष्ट झालेला तरुण झाला होता टॉम हँक्स. बोगदे लोकांच्या डोक्यात बसले ते बसलेच.

१९८२ मध्ये व्हर्जिनियातल्या पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने आत्महत्या केली. शाळेत खेळताना त्याच्या पात्राला मिळालेल्या शापामुळे हे झालं, असं त्या आईचं म्हणणं. त्यांनी मुख्याध्यापकांवर दावा लावला, कंपनीवर लावला. टिकला नाही. मग १९८३ मध्ये त्यांनी 'बॅड' नावाची संघटना काढली, आणि खेळ सैतानपूजा शिकवतो, मुलांना मारतो, असा प्रचार सुरू केला. १९८५ मध्ये '६० मिनिट्स' या देशभर बघितल्या जाणाऱ्या कार्यक्रमात त्या होत्या, गायगॅक्सही होता. त्या पोलिसांना मार्गदर्शन करू लागल्या, तज्ज्ञ म्हणून बोलावल्या जाऊ लागल्या.

आईच्या दुःखावर बोट ठेवायचा प्रश्नच नाही. पण दुःख खरं असलं म्हणून त्यावरून काढलेलं गणित खरं ठरत नाही. आणि गणित कसं होतं बघा. रिचमंड परिसरातले ८ टक्के लोक सैतानपूजक आहेत, असं पुलिंगबाईंनी एका पत्रकाराला सांगितलं. हा आकडा आला कुठून? तर ४ टक्के किशोरवयीन मुलं आणि ४ टक्के प्रौढ, बेरीज ८. शाळेतल्या मुलालाही कळेल की दोन्ही गटांत ४ टक्के असले तर एकूणही ४ टक्केच होतात. ते ४ तरी आणले कुठून, हे वेगळंच.

हे सगळं शांतपणे तपासून लिहिलं मायकेल स्टॅकपोल या खेळकर्त्याने. हाच पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आला. त्याचा 'द पुलिंग रिपोर्ट' १९९० चा. त्याने साधा हिशेब मांडला: खेळणारी मुलं लाखांनी आहेत. त्या वयात आत्महत्येचं जे सर्वसाधारण प्रमाण आहे ते लावलं, तर इतक्या मुलांमध्ये दुर्दैवाने किती घटना अपेक्षित? आणि बॅडच्या यादीत किती? यादीतल्या फारच कमी भरतात. म्हणजे यादी सगळी खरी धरली तरी खेळ दोषी ठरत नाही. मला विचाराल तर या खेळाविषयी त्या काळात झालेलं सगळ्यात चांगलं परीक्षण हेच. त्याने पुस्तकाच्या परीक्षकाचंच परीक्षण केलं.

पण उशीर झाला होता. खेळाची मूळ कंपनी टीएसआरने १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती काढली, त्यातून 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्द गाळले. पुढे तेच राक्षस 'तनारी' आणि 'बाटेझू' अशी नावं घेऊन परत आले. मारेकऱ्याचा पेशाही गेला. शब्द बदलले, खेळ तोच राहिला. ज्यांच्या धाकाने हे केलं त्यांनी मूळ पुस्तक कधी टेबलावर उघडलं होतं का, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आता परत ऑस्टिनला येऊ. न्यायाने सांगायचं तर छाप्याचं मूळ कारण पुस्तक नव्हतं. पुस्तकाचा लेखक लॉइड ब्लँकनशिप कंपनीत नोकरीला होता, आणि हॅकरांच्या जगात 'द मेंटॉर' या नावाने प्रसिद्ध होता. बेलसाउथ या टेलिफोन कंपनीच्या ९११ आपत्कालीन सेवेविषयीचा एक चोरीचा दस्तऐवज तो घरून चालवत असलेल्या बुलेटिन बोर्डवर होता, म्हणून त्याच्या घरी छापा. आणि तो नोकरी करतो म्हणून ऑफिसवरही! त्या दस्तऐवजाची किंमत दुसऱ्या एका खटल्याच्या आरोपपत्रात ७९,४४९ डॉलर लावली होती. जुलै १९९० मध्ये तो खटला उभा राहिला तेव्हा निघालं, की तशीच माहिती खुलेआम १३ डॉलरच्या आसपास विकत मिळते. सरकारने खटला गुंडाळला.

पुस्तकात हॅकिंगचा तपशील होता, हे खरं. लेखक जाणकार, आणि मसुदा त्याने जाणकारांकडून वाचूनही घेतला होता. पण गर्प्समध्ये बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये घुसायचं कसं? तीन साधे फासे टाकायचे. पात्राचं कसब १२ असेल आणि बेरीज १२ किंवा कमी आली, तर घुसलात. या पद्धतीने कुठल्या बँकेतून पैसे निघाले असते, हे त्या अधिकाऱ्याने पुस्तकाची पाच पानं खेळून बघितली असती तरी कळलं असतं.

हस्तलिखित परत मिळेना. हातात पैसा नव्हता, पुढचं पुस्तक अडलेलं, त्यामुळे कंपनीला जवळपास निम्मी माणसं कामावरून कमी करावी लागली. ना जॅक्सनवर आरोप, ना कंपनीवर. त्या माणसांच्या नोकऱ्या मात्र गेल्या. शेवटी जुने मसुदे, टिपणं, आठवणी, आणि ज्यांना खेळून बघण्यासाठी आधी प्रती दिल्या होत्या त्यांच्याकडच्या प्रती, असं सगळं गोळा करून पुस्तक नव्याने जुळवलं. त्याच वर्षी ते छापलं. सिक्रेट सर्व्हिसने जप्त केलेलं पुस्तक, ही जाहिरात मुखपृष्ठावरच केली. धंदेवाईक माणूस शेवटी!

या आणि अशाच छाप्यांच्या गदारोळात जुलै १९९० मध्ये मिच केपॉर, जॉन पेरी बार्लो आणि जॉन गिलमोर यांनी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन स्थापन केलं. इंटरनेटवरच्या हक्कांसाठी आज कोर्टात भांडणारी हीच ती संस्था. तिच्या पाठिंब्याने जॅक्सनने १९९१ मध्ये सिक्रेट सर्व्हिसवर दावा लावला. जानेवारी १९९३ मध्ये ऑस्टिनमध्येच न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांच्यासमोर सुनावणी झाली. साक्षीला आलेल्या अधिकाऱ्याला न्यायाधीशांनी भर कोर्टात धारेवर धरलं. ही कंपनी काय करते हे शोधायला किती वेळ लागला असता, तासभर? बरं, दुसऱ्या दिवशी निदान फायलींच्या प्रती काढून का दिल्या नाहीत? उत्तर नव्हतं.

निकाल मार्च १९९३ चा. अमेरिकेत १९८० चा एक कायदा आहे. प्रकाशनासाठी तयार होत असलेलं साहित्य पोलिसांना सहजासहजी उचलता येत नाही. अधिकाऱ्यांना हा कायदाच माहीत नव्हता. पण न्यायाधीशांनी बोट ठेवलं ते २ मार्चवर. त्या दिवशी जॅक्सनने समोर बसून सांगितलं होतं, की आम्ही प्रकाशक आहोत आणि हे आमचं पुस्तक आहे. त्यानंतरही माल दाबून ठेवला, तिथे कायदा मोडला. नुकसानभरपाई ५१,०४० डॉलर, वकिलांचा खर्च वेगळा.

एक मुद्दा मात्र जॅक्सन हरला. जप्त झालेल्या कॉम्प्युटरवर त्याच्या बुलेटिन बोर्डच्या सभासदांची १६२ न वाचलेली खाजगी इमेल होती. ती उचलणं म्हणजे संभाषण चोरून ऐकणं आहे, असा त्याचा दावा. साठवलेली पत्रं जप्त करणं म्हणजे वाटेत अडवून ऐकणं नव्हे, असं कोर्टाने म्हटलं, आणि १९९४ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम ठेवलं. साठवलेल्या पत्रांसाठीचा दुसरा, सौम्य कायदा मात्र मोडला गेला होता, त्यापोटी दावेदारांना प्रत्येकी १००० डॉलर मिळाले.

निकाल लागायच्या आधीच, १९९२ मध्ये, कंपनीने पत्त्यांचा एक नवा खेळ बाजारात आणला होता. नाव 'हॅकर'. त्यात खेळाडू एकमेकांच्या आधी कॉम्प्युटरमध्ये घुसायला बघतात, आणि मध्येच छापा पडतो.