सोडून दिलेल्या यंत्रांचे दुभाषे

मंडळी, आजचा विषय यंत्रांचा आहे. पण आमचा पेशा तत्त्वज्ञान शिकवण्याचा होता, तेव्हा आम्ही तो त्याच बाजूनं मांडणार. प्रश्न असा, की वस्तू आपण विकत घेतली आणि ती चालवण्याची विद्या मात्र विकणाऱ्यानं स्वतःकडे ठेवली, तर ती वस्तू कुणाची?

दौंडकरांना हे समजायला संगणक लागत नाही. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग झाला, तो रुंद मापाचा. १९१४ साली दौंड-बारामती झाला, तो अरुंद मापाचा, अडीच फुटी. दोन्ही गाड्या दौंडलाच येणार, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाणार नाही. मग गुळाची ढेप असो की धान्याचं पोतं, इकडे उतरवायचं आणि तिकडे चढवायचं. मधला हमाल आला नाही, तर दोन्ही गाड्या धडधाकट असूनही माल जागच्या जागी.

संगणक आणि छपाईचं यंत्र यांच्यामध्ये असाच एक हमाल असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. संगणकाची आज्ञा यंत्राला कळेल अशा भाषेत पोचवणारा हा छोटा प्रोग्राम. तो यंत्राची कंपनी देते. पुढे संगणकाची नवी प्रणाली येते आणि जुन्या यंत्रासाठी नवा ड्रायव्हर लिहिणं कंपनीला परवडत नाही. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली, तेव्हा कितीतरी प्रिंटर आणि स्कॅनर असे पोरके झाले. त्यांचा एक दातही झिजला नव्हता. त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

या प्रश्नाचा इतिहास एका प्रिंटरपासूनच सुरू होतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन यांना प्रोग्राममध्ये एवढीच सोय करायची होती, की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जावा. त्यासाठी मूळ प्रोग्राम हवा होता. तो ज्यांच्याकडे होता त्यांनी गुप्ततेचा करार केला होता. त्यांनी नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा नकारही होता. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं लिनक्स सुरू केलं. मग जगभरचे लोक आपापल्या टेबलावरचं यंत्र लिनक्सवर चालावं म्हणून ड्रायव्हर लिहू लागले. बरेचसे बिनमोबदल्याचे.

आता आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. शिरूर असो की दौंड, झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानांत एचपीचा लेझरजेट १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९०० पाहिला नाही असा माणूस विरळा. हे प्रिंटर स्वस्त, कारण पानाची जुळणी प्रिंटर करत नाही, संगणक करतो. म्हणून ते ड्रायव्हरवर पुरते अवलंबून. १०२० ला तर चालू केल्यावर दरवेळी स्वतःचा प्रोग्रामदेखील संगणकाकडून घ्यावा लागतो. त्याच्या भाषेचा मुक्त ड्रायव्हर रिक रिचर्डसन यांनी लिहिला. २९०० साठी कॅनननं लिनक्सचा ड्रायव्हर दिला होता, पण त्याचा मुख्य भाग बंद होता. तो उघडा लिहायचं काम स्वयंसेवकांनी अंगावर घेतलं.

हे करतात कसं? आधी एक कोरं पान छापायला सांगायचं आणि तारेतून काय काय गेलं ते आकडे उतरवून घ्यायचे. मग एकच रेघ असलेलं पान. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. जे बदललं, त्यात ती रेघ आहे. असं महिनोन् महिने. मोडीचं दप्तर वाचणाराही हेच करतो. ओळखीचा मायना, ओळखीचं नाव धरून तो अनोळखी वळणाला भिडतो.

ही चोरी आहे का, असं कुणी विचारील. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये याचं उत्तर दिलं आहे. प्रोग्राम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, माहिती सहज मिळत नसेल तर, स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रामचा इतरांशी मेळ बसवण्यापुरती ती काढून घेण्याची मुभा आहे.

आता मराठीकडे वळू. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलेलं जिस्ट कार्ड आपल्यापैकी काहींना आठवत असेल. डॉसच्या काळात हे कार्ड संगणकात बसवलं, की पडद्यावर देवनागरी उमटायची. विंडोज आली, संगणकातल्या खाचा बदलल्या, कार्ड अडगळीत गेलं. पण त्यावर टंकलेली मराठी मेली नाही. कारण तिची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून छापून प्रसिद्ध झाली होती. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरच बेतलेली आहे. उलट ज्या फॉन्टांनी आपापले खाजगी संकेत वापरले, त्यांतला मजकूर आज उघडला की नुसता खिचडा दिसतो, आणि कुणीतरी बसून एकेक अक्षर जुळवत रूपांतरक लिहावा लागतो. दोन्हीकडे मराठी तीच. एकीकडे किल्ली चव्हाट्यावर होती, दुसरीकडे खिशात.

तरी स्वयंसेवकांना देव करू नये. त्यांचीही ताकद संपते. लिनक्स ज्या ३८६ जातीच्या संगणकावर जन्मलं, त्याचाच आधार २०१२ च्या अखेरीस काढून टाकला गेला. तो सांभाळण्याचा व्याप फार होता. २०१९ मध्ये फ्लॉपीचा ड्रायव्हर ‘अनाथ’ म्हणून नोंदवला गेला, कारण सांभाळणाऱ्याकडे चालू फ्लॉपीयंत्रच उरलं नव्हतं. पुढे दुसऱ्या एकानं तो हाती घेतला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. अडलं होतं ते यंत्रावाचून. आणि जुनी यंत्रं कुठे टिकतात? जिथे लोक वस्तू लवकर टाकत नाहीत, तिथे. म्हणजे आपल्यासारख्या तालुक्यांत. महाविद्यालयातल्या एखाद्या मुलानं जुना स्कॅनर जोडून काय चालतं, काय अडतं, एवढं नीट कळवलं, तरी दूरच्या लिहिणाऱ्याला डोळे मिळतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती यांच्यापुढे आता भंगारवाला की दुभाष्या, हा प्रश्न येणार. भंगारात देण्याआधी मुक्त ड्रायव्हर आहे का, हे पाहावं. आणि नवं यंत्र घेताना दरपत्रकात किंमत आणि वॉरंटी यांच्याखाली आणखी एक ओळ घालावी, की या यंत्राची भाषा प्रसिद्ध केलेली आहे का? उत्तर ‘नाही’ आलं, तर आपण ते विकत घेतो आहोत की मुदतीनं भाड्यानं, हे खरेदी समितीनं सही करण्यापूर्वीच ठरवलेलं बरं.