दिव्याची तार आणि शेगडीचा प्लग

मंडळी, आपल्या घरच्या भिंतीवर दोन मापांची सॉकेटं असतात. लहान ते सहा अँपिअरचं, मोठं ते सोळाचं. आमच्या पिढीच्या तोंडी अजून पाच आणि पंधराच. इंडक्शन शेगडीचा प्लग लहान सॉकेटात बसत नाही म्हणून आपण चडफडतो आणि दुकानातून अडॅप्टर आणतो. ही दोन मापं आली कुठून, ते आज बघू.

वीज घरात शिरली ती दिव्यासाठी. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कित्येक घरांत भिंतीला सॉकेटच नसे. इस्त्री किंवा टोस्टर लावायचा तर बल्ब काढायचा आणि त्याच होल्डरमध्ये जोडणी फिरवून बसवायची. तापणाऱ्या तारेचं कोडंही तोवर सुटलेलं नव्हतं. साध्या तारा लाल झाल्या की हवेत जळून तुटायच्या. अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू काढला, त्याचं पेटंट 1906 चं. आपल्या शेगडीतलं कॉइल त्याच कुळातलं. म्हणजे बघा, टिकाऊ शेगडी तयार झाली तेव्हा भिंतीत तारा आधीच पडलेल्या होत्या, आणि त्या दिव्याच्या हिशोबानं.

गोल पिनांचं ब्रिटिश मानक 1934 चं. त्यात 2, 5, 15 आणि 30 अँपिअर अशी मापं होती. पुढे 1947 मध्ये ब्रिटननं चपट्या पिनांच्या 13 अँपिअर प्लगचं मानक आणलं, फ्यूज प्लगच्या पोटातच. आपण गोल पिना ठेवल्या. त्यांच्याबरोबर दिव्याचं सर्किट निराळं आणि पॉवरचं निराळं, ही वाटणीही ठेवली. आपल्या वायरिंगच्या मानकात दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर फार तर 10 पॉइंट आणि 800 वॅट. पॉवरच्या सर्किटवर 3000 वॅट आणि सॉकेटं दोनच.

आता हिशोब करा. 2000 वॅटची शेगडी 230 व्होल्टवर जवळजवळ 8.7 अँपिअर ओढते. सहाच्या मानानं ही दीडपटसुद्धा नाही, मग बिघडतं काय? जूल यांनी 1841 मध्ये मांडलेला नियम असा, की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. म्हणजे उष्णता दुपटीहून जास्त. आणि गंमत अशी, की ज्या नियमानं कॉइल तापून चहा उकळतो त्याच नियमानं भिंतीतली तारही तापते. कॉइल आपल्याला दिसतं, तार दिसत नाही.

आम्ही वसतिगृहात असताना कॉइलची शेगडी चोरून चालवायचो, अर्थात लाइटच्याच पॉइंटवर. फ्यूज उडायचा, अख्खी रांग अंधारात. एका रात्री आम्ही फ्यूजमध्ये एकाऐवजी चार पदर तार गुंडाळली. मग फ्यूज उडाला नाही. चहा झाला, आणि थोड्या वेळानं लाकडी पट्टीतून जळक्या रबराचा वास यायला लागला. त्या काळी तारेवर रबर आणि सुताचं वेष्टण असे. आग लागली नाही एवढंच नशीब. दिवसा आम्ही न्यायदर्शन शिकत होतो: कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं, तरी ते घटाचं कारण नव्हे. आणि रात्री फ्यूजलाच अंधाराचं कारण ठरवून बसलो! फ्यूज शेगडीला सांभाळत नाही हो, तो भिंतीतल्या तारेला सांभाळतो. स्वतः वितळतो, म्हणून तार वाचते.

फ्यूजची जागा आता एमसीबीनं घेतली. त्यात दोन धातूंची पट्टी असते, जास्त प्रवाहानं ती तापून वाकते आणि खटका पडतो. शॉर्टसर्किट झालं तर चुंबक तेच काम क्षणात करतो. तो सारखा पडायला लागला की लोक इलेक्ट्रिशियनला म्हणतात, सोळाचा काढून बत्तीसचा टाका. आमच्या चार पदरांचीच ही सुधारलेली आवृत्ती. आणि अडॅप्टर? तो फक्त भोकांचा आकार बदलतो. पलीकडे तार तीच, साधारण एक-दीड चौरस मिलिमीटरची, दिव्यासाठी ओढलेली. शेगडीला निदान अडीचची, कधी चारची, थेट बोर्डापासून वेगळी ओढावी लागते. त्यासाठी भिंत फोडावी लागते, आणि घरात नको म्हणतात ते नेमकं तिथेच.