सिग्नल कंडिशनर (ताणमापनातील)

वृत्तपत्राच्या छपाईयंत्रातून धावणारा कागद, वेष्टनाची प्लॅस्टिक फिल्म किंवा कापड अशा सलग पट्ट्यावरील ताण मोजताना लोडसेल या बलसंवेदकाच्या क्षीण विद्युत संकेताला वापरण्याजोगे रूप देणारे उपकरण. ताण फार वाढला तर कागद तुटतो; कमी पडला तर सुरकुत्या येतात आणि रंगांची जुळणी बिघडते.

पट्टा ज्या रोलरवरून वळतो, त्याच्या दोन्ही टोकांना लोडसेल बसवतात. त्यांतील स्ट्रेनगेज (ताणले की विद्युतरोध बदलणारे घटक) व्हीटस्टन सेतू या विद्युत मंडलात जोडलेले असतात. सेतूला १० व्होल्टचा पुरवठा दिला आणि लोडसेलची संवेदनशीलता दर व्होल्टला २ मिलिव्होल्ट असली, तर पूर्ण भारालाही हाती येतात केवळ २० मिलिव्होल्ट. मोटारींच्या विद्युत गोंगाटात एवढा संकेत सहज हरवतो.

कंडिशनर सेतूला स्थिर व्होल्टता पुरवतो, दोन्ही बाजूंच्या संकेतांची बेरीज करतो, फिल्टरने गोंगाट कमी करतो आणि संकेत ०–१० व्होल्ट किंवा ४–२० मिलिअँपिअर या प्रमाणित रूपात नियंत्रकाकडे धाडतो. रोलरचे स्वतःचे वजन शून्य-समायोजनाने वजा होते.

कॅलिब्रेशनसाठी पट्ट्याच्याच मार्गाने दोर ओवतात, त्याचे एक टोक बांधून दुसऱ्याला ज्ञात वजन टांगतात. त्यामुळे पट्ट्याच्या वेढ्याचा कोनही हिशेबात येतो: १८०° वेढ्याला रोलरवर ताणाच्या दुप्पट बल पडते, ६०° वेढ्याला ताणाइतकेच.