नांव घेण्याचा प्रश्न

नव्या चित्रपटाचें किंवा गांवांतील नाट्यप्रयोगाचें परीक्षण करावयाचें म्हणजे प्रथम त्याचें नांव घ्यावें लागतें. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं, ती मुद्दाम कशास सांगावी असें वाचकांस वाटेल. परंतु आपल्या नभोवाणीच्या इतिहासांत चित्रपटाचें नांव घेणें हाच दोष ठरल्याचा एक काळ होऊन गेला आहे. त्याचें स्मरण आम्ही बुलढाणा जिल्ह्याच्या निमित्तानें करीत आहों.

मुंबईचें नभोवाणी केंद्र १९२७ सालीं सुरू झालें, नागपूरचें १९४८ मध्यें आणि पुण्याचें १९५३ मध्यें. वऱ्हाडच्या पश्चिम टोकाचा हा जिल्हा १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत मध्यप्रदेशांत मोडत असे. त्यामुळें मेहकर-खामगांवच्या श्रोत्यास प्रांताचा म्हणून जो आवाज होता, तो दूरच्या नागपूरचा.

१९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटगीतांनीं लोकांची अभिरुचि बिघडते असें त्यांचें मत होतें. त्यांच्या कारकीर्दींत या गीतांचा वांटा कमी करण्यांत आला. शिवाय चित्रपटाचें नांव सांगणें ही फुकट जाहिरात होय, म्हणून केवळ गायकाचें नांव सांगावें असें ठरलें. निर्मात्यांनीं चिडून परवानगी काढून घेतली आणि चित्रपटगीतें नभोवाणीवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. श्रोते मात्र स्वस्थ बसले नाहींत. ते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथें ‘बिनाका गीतमाले’त गीताबरोबर चित्रपटाचेंही नांव पुकारलें जाई. अखेर १९५७ च्या ३ ऑक्टोबरला सरकारला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

केसकरांवर केवळ दोष ठेवणें न्याय्य होणार नाहीं. शास्त्रीय संगीताचे राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळांत सुरू झाले, आणि सार्वजनिक पैशानें चालणारी संस्था व्यापाऱ्यांची दवंडी होऊं नये ही त्यांची चिंता खोटी नव्हती. चुकला तो उपाय. चित्रपट एकीकडे व कला दुसरीकडे, अशी जी भिंत त्यांनीं कल्पिली ती मुळांत नव्हतीच. १९५५-५६ मध्यें पुणें केंद्रावरून ‘गीतरामायण’ घरोघरीं पोहोंचलें. त्याचे कवि गजानन दिगंबर माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टींतलेच होते.

या बाबतींत बुलढाण्याचा दाखला अधिक बोलका आहे. १९०९ मध्यें सिंदखेड राजा येथें जन्मलेले आणि मेहकरला राहिलेले कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गजानन नव्हे, तर गोविंद नारायण जोशी यांनीं गाइली आणि १९३० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताच्या आरंभींच्या गाजलेल्या तबकड्यांत तिची गणना होते. तबकडी हा व्यापाराचाच माल. परंतु त्या मालानेंच मेहकरच्या कवीचे शब्द महाराष्ट्रभर नेले. पुढें १९८६ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक त्यांस मिळालें.

आम्हांस यांतून एकच गोष्ट दिसते. जाहिरात नांव घेते ती विकण्यासाठीं. परीक्षण नांव घेतें तें पारखण्यासाठीं. जाहिरातीवर उतारा मौनाचा नव्हे, निर्भीड मतप्रदर्शनाचा होय. मौनानें मोठ्या चित्रपटाचें फारसें बिघडत नाहीं. त्याचीं भित्तिपत्रकें गांवोगांव लागतात. बिघडतें तें देऊळगांव राजाच्या यात्रेंतील कीर्तनकाराचें, खामगांवच्या हौशी नाटकमंडळीचें. त्यांच्याजवळ जाहिरात नाहीं. त्यांचें नांव, ठिकाण व गुणदोष सार्वजनिक नभोवाणीनें सांगितले नाहींत, तर शेजारच्या तालुक्यासही त्यांचा पत्ता लागत नाहीं. नव्या चित्रपटाची चर्चा नभोवाणीनें अवश्य करावी. पण त्याच आसनावर गांवच्या कलावंतासही बसवावें आणि दोघांनाही एकाच मापानें मोजावें. अभिरुचि घडते ती अशा मोजण्यानें, झांकण्यानें नव्हे.