दोन धावी एंजिन : बोरघाट परिसरातील इतिहास व निगा

भुजादंडाच्या एका फेऱ्यात, म्हणजे दट्ट्याच्या दोन धावांत, शक्तिनिर्मितीचे संपूर्ण आवर्तन पुरे करणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनास दोन धावी एंजिन म्हणतात. चार धावी एंजिनात याच कार्यास दोन फेरे लागतात. रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) अंतर्भागातील कर्जत व खालापूर तालुक्यांत स्वयंचलित दुचाकी वाहन सर्वसामान्यांच्या घरी आले, ते प्रामुख्याने याच एंजिनाच्या रूपाने.

उगम व रचना : ड्यूगाल्ड क्लार्क (१८५४–१९३२) यांनी १८८१ मध्ये दोन धावी एंजिनाचे एकस्व मिळविले. त्यांच्या एंजिनास मिश्रण भरण्यासाठी वेगळा सिलिंडर लागे. जोसेफ डे (१८५५–१९४६) यांनी १८९१ च्या सुमारास भुजादंडाच्या बंद पेटीचाच पंपासारखा उपयोग केला व हा जादा सिलिंडर अनावश्यक ठरविला. दट्ट्या वर जाताना त्याच्या माथ्यावरील मिश्रणाचे संपीडन होते व त्याच वेळी खालील पेटीत नवे मिश्रण ओढले जाते. माथ्यावर ठिणगी पडून दट्ट्या खाली ढकलला गेला, की आधी निष्कास द्वार व मग अंतर्गम द्वार उघडते. पेटीत दाबले गेलेले नवे मिश्रण वर शिरते आणि जळालेले वायू बाहेर लोटते. द्वारांची उघडझाप दट्ट्याच करीत असल्याने झडपा व त्यांना चालविणारी यंत्रणा लागत नाही. त्यामुळे एंजिन हलके, स्वस्त व दुरुस्तीस सोपे होते.

या सोपेपणाची किंमत वंगणाच्या बाबतीत द्यावी लागते. पेटीतून मिश्रण जात असल्याने तिच्या तळाशी तेलाचा साठा ठेवता येत नाही. वंगण तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच द्यावे लागते व अखेर ते जळून जाते. एंजिनाचे आयुष्य त्यामुळे मालकाच्या हातातील मापावर अवलंबून राहते.

प्रसार : बोरघाटाच्या दोन्ही अंगांस या वाहनांची निर्मितिकेंद्रे होती. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लँब्रेटा स्कूटर तयार करीत असे, तर पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाज कंपनी इटलीतील प्याजो कंपनीच्या परवान्याने व्हेस्पा तयार करी. हा करार १९७१ मध्ये संपला व १९७२ मध्ये ‘चेतक’ स्कूटर आली. तिच्या एकाच सिलिंडराचे आकारमान सु. १४५ घ. सेंमी. होते. त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिक एंजिनिअरिंग कंपनीची ५० घ. सेंमी. ची ‘लूना’ ही पायट्यांची मोपेड बाजारात आली. उत्पादन परवान्याने मर्यादित असल्यामुळे स्कूटरसाठी नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. अशा रीतीने मिळालेले वाहन बिघडू न देणे ही कुटुंबाची गरजच असे.

घाटातील कसोटी : खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता सु. ५०० मी. चढतो. बहुतेक स्कूटरांचे एंजिन त्यालाच जोडलेल्या पंख्याने थंड होते. वरच्या गिअरात वाहन रेटल्यास फेरे घटतात, पंखा मंदावतो व सिलिंडर अतितप्त होतो. म्हणून चढावर वेळीच खालचा गिअर टाकावा. नव्या एंजिनावर दोन माणसांचा भार घालून सलग चढ चढू नये.

उतारावरील धोका कमी दिसतो, पण तो अधिक फसवा असतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण मिटला असता चाकांमुळे एंजिन वेगाने फिरत राहते, मात्र पेट्रोल अत्यल्प जात असल्याने तेलही तितकेच कमी मिळते. अशा वेळी दट्ट्या सिलिंडरात अडकून मागचे चाक एकाएकी जाम होऊ शकते. उतरताना अधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर थोडा उघडावा व ब्रेक थांबून थांबून लावावे. पेट्रोल वाचविण्यासाठी एंजिन बंद करून किंवा गिअर काढून उतरू नये. दट्ट्या अडकल्याचे जाणवताच क्लच दाबावा.

निगा : तेलाचे प्रमाण निर्मात्याने सांगितल्याप्रमाणेच ठेवावे. चेतकसाठी ते दर लिटर पेट्रोलला २० मिलि. असे. कित्येक जुन्या एंजिनांना याच्या दुप्पट तेल लागे. तेल कमी पडल्यास झीज होते. अधिक झाल्यास धूर येतो, प्लग काळा पडतो व निष्कास नळीत काजळी साठते. प्लग वेळोवेळी घासून त्याच्या टोकांतील फट सु. ०·६ मिमी. राखावी. निष्कास द्वार व सायलेन्सर यांतील काजळी खरवडून काढावी. ती साठल्यास वाहन चढावर दम सोडते. हवेची गाळणी स्वच्छ ठेवावी. पावसाळ्यात प्लगची टोपी व वायर कोरडी असावी. वाहन बराच काळ ठेवावयाचे असल्यास पेट्रोलची तोटी बंद करून एंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. तसे न केल्यास कार्ब्युरेटरातील पेट्रोल उडून जाते व मागे राहिलेल्या तेलाने बारीक छिद्रे बुजतात.

ऱ्हास व सद्यःस्थिती : दोन्ही द्वारे काही क्षण एकाच वेळी उघडी राहत असल्याने नव्या मिश्रणाचा बराच भाग न जळताच बाहेर जातो. त्यात जळालेल्या तेलाचा धूर मिसळतो. भारतात १९९१, १९९६ व २००० या वर्षी उत्सर्गाचे नियम उत्तरोत्तर कडक झाले आणि चार धावी एंजिनाने दुचाकींत त्याची जागा घेतली. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मनाई असल्याने त्यांची वाहतूक प्रामुख्याने खोपोलीवरून जुन्या रस्त्याने होते. मात्र तीत दोन धावी वाहने आता तुरळकच आढळतात.

हे एंजिन शेतीच्या कामातून मात्र गेलेले नाही. भातशेतीच्या या प्रदेशात गवत कापणारी व पाठीवर घेऊन औषध फवारणारी अनेक यंत्रे याच तत्त्वावर चालतात. ती प्रथमच विकत घेणारा शेतकरी पुष्कळदा चार धावी मोटारसायकलीच्या सवयीने टाकीत नुसते पेट्रोल ओततो आणि नवे एंजिन थोड्याच वेळात निकामी होते. म्हणून तेल मोजूनच मिसळण्याचा स्कूटरच्या काळातील नियम या यंत्रांनाही तितकाच लागू आहे.