गर्भपिशवी काढली, मग आता हे काय जाणवतंय? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

"डॉक्टर, पिशवी तं काढली, मंग पाळीवानी ओटीपोटात काहून दुखते?" केनवड, रिसोड, मालेगाव या पट्ट्यातल्या बायका ऑपरेशननंतर तपासणीला येतात तेव्हा हा प्रश्न बऱ्याचदा असतो. कुणाला पोटात बाळ हलल्यासारखं वाटतं. कुणाला टाक्यांखालची कातडी बधिर लागते, तर कुणाला तिथेच मधूनच करंट बसतो. दुर्बिणीतून ऑपरेशन झालेली बाई खांदा धरून बसलेली असते. बऱ्याच जणी हे सगळं संकोचून सांगतात, कारण घरी कुणीतरी आधीच म्हणून ठेवलेलं असतं, "काढलेली वस्तू दुखते कशी? तुझ्या मनाचे खेळ आहेत."

ही 'मनाचे खेळ' म्हणण्याची सवय फार जुनी आहे. ग्रीक भाषेत गर्भाशयाला 'हिस्टेरा' म्हणतात. त्यावरून 'हिस्टरेक्टमी' म्हणजे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया हा शब्द आला आणि 'हिस्टेरिया' हा शब्दही त्याच मुळातून आला. गर्भाशय हा शरीरात भटकणारा जिवंत प्राणी आहे अशी कल्पना प्लेटोच्या लिखाणात सापडते. बाईचा श्वास कोंडला, छातीत धडधडलं, की दोष भटक्या गर्भाशयाचा. पुढे ते भटकत नाही हे कळलं, पण बाईच्या न उमगलेल्या तक्रारीला 'हिस्टेरिया' म्हणून मोकळं होण्याची रीत विसाव्या शतकापर्यंत टिकली. आपल्याकडे 'पिशवी सरकली' म्हणतात, त्यात मात्र तथ्य असतं. बाळंतपणांनंतर आधार सैल होऊन गर्भाशय खरंच खाली उतरतं. मूळच्या गोव्यातल्या शिरोड्याच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी मुंबईत काम करताना, ते न काढता वर उचलून बांधण्याची शस्त्रक्रिया विकसित केली होती.

शस्त्रक्रियेचा आरंभ भीषण होता. १८४३ साली मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांनी अंडाशयाची गाठ समजून पोट उघडलं, तर आत गर्भाशयाची गाठ निघाली. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती, आणि ती बाई वाचली नाही. दहा वर्षांनी, १८५३ साली, अमेरिकेत वॉल्टर बर्नहॅम यांचंही निदान असंच चुकलं, पण त्यांची रुग्ण जगली. त्या काळी बाई जगली की नाही हाच एक प्रश्न असे. नंतर तिला काय जाणवतं हे विचारायला वेळ लागला.

पाळीसारख्या कळांचं उत्तर एका वेगळ्याच ठिकाणाहून आलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हजारो सैनिकांचे हातपाय कापावे लागले. कापलेला पाय खाजतो, त्याची बोटं आखडतात, असं ते सांगत. डॉ. सिलास वेअर मिचेल यांनी १८७१ साली या अनुभवाला 'फँटम लिंब' हे नाव दिलं. अवयव जातो, पण मेंदूतली त्याची जागा आणि तिकडे जाणारी मज्जातंतूंची वाट शिल्लक राहते. आतड्यासारखे आतले अवयव काढल्यावरही असं घडतं हे उशिरा ध्यानात आलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ थिओडोर डॉरपॅट यांनी १९७१ साली अशा अनुभवांवर निबंध लिहिला. म्हणजे सैनिकाच्या पायाला जे नाव मिळालं, ते पोटातल्या अवयवांपर्यंत पोचायला तब्बल शंभर वर्षं गेली. सैनिकाच्या तक्रारीची नोंद झाली आणि बाईच्या तक्रारीला 'हिस्टेरिया' म्हटलं गेलं, हेही त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

पण प्रत्येक कळ 'फँटम' नसते, आणि बहुतेक वेळा कारण याहून साधं असतं. १८९३ साली इंग्लंडच्या हेन्री हेड यांनी आतल्या अवयवाचं दुखणं कातडीच्या कोणत्या पट्ट्यात जाणवतं याचे नकाशे मांडले. हार्ट अटॅकमध्ये डावा हात दुखतो हे आता सर्वांना ठाऊक आहे, त्यातलाच हा प्रकार. गर्भाशय, मूत्राशय, मोठं आतडं आणि कंबर यांच्या वेदना मणक्यातल्या जवळपास त्याच भागात पोचतात. मेंदूला तीस वर्षं दर महिन्याला तिथून 'पाळीची कळ' असा निरोप मिळालेला असतो. आता तिथे गॅस धरला, लघवी तुंबली किंवा आतली जखम भरताना ओढ बसली, तरी मेंदू त्याला ओळखीचं नावच देतो. बाळ हलल्याचा भास होतो तोही पुष्कळदा आतड्याच्या हालचालीचा असतो. अंडाशयं ठेवलेली असतील तर त्यांचं मासिक चक्र चालूच राहतं. म्हणून रक्तस्राव नसतानाही महिन्याच्या ठरावीक दिवसांत छाती जड होते, चिडचिड होते.

टाक्यांजवळच्या बधिरपणाचा इतिहास तर मला फार आवडतो, कारण तो एका डॉक्टरने स्वतःच्या हातावर लिहिला. याच हेन्री हेडना प्रश्न पडला होता की तुटलेली नस पुन्हा जुळताना नेमकं काय वाटतं. रुग्ण थकतात, नीट सांगू शकत नाहीत. म्हणून १९०३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःच्याच डाव्या हाताची संवेदना वाहणारी नस कापून घेतली. पुढची चार वर्षं डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स त्या हाताला टाचणी, कापूस, गरम आणि गार लावून पाहत होते. (हे रिव्हर्स म्हणजे आपल्याकडच्या निलगिरीतल्या तोडा जमातीचा अभ्यास करून नुकतेच परतलेले.) आधी भाग पूर्ण बधिर झाला. मग संवेदना परतली ती ओबडधोबड होती. साध्या टोचण्यानेही विचित्र, पसरलेली, नकोशी चमक उठायची. नाजूक स्पर्श कळायला त्यानंतर फार काळ लागला. यावरून हेड यांनी मांडलेला सिद्धांत पुढे टिकला नाही, पण त्यांच्या नोंदी आजही वाचाव्यात अशा आहेत.

तुमच्या ओटीपोटावर घडतं ते हेच. छेद घेताना कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात. त्या दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतात, आणि वाढताना मुंग्या, खाज, करंट जाणवतो. महिनोन् महिने हे चालू शकतं. एखादा छोटा पट्टा कायमचा बधिर राहतो, त्याने बिघडत काही नाही. तेवढे दिवस परकराची नाडी टाक्यांवर घट्ट बांधू नका, आणि बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. चटका बसला तरी कळत नाही.

खांद्याचं दुखणं मात्र अलीकडचं. १९८८ साली अमेरिकेत हॅरी राइश यांनी दुर्बिणीतून पहिलं गर्भाशय काढलं, आणि ही पद्धत हळूहळू आपल्या शहरांतही आली. यात पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. उरलेला वायू आणि ताण यांमुळे छातीखालच्या पडद्याची नस चिडते. ती नस मानेतून निघते आणि तिथूनच खांद्याची संवेदनाही येते. दोन-चार दिवसांत हे थांबतं, थोडं चाललंफिरलं की बरं वाटतं.

दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतले टाके विरघळतात तेव्हा थोडासा तपकिरी स्राव जाऊ शकतो. पण लाल रक्ताने पॅड भिजू लागलं, घाण वास आला, ताप चढला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा नकळत सतत लघवी गळू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पेरणी, सोंगणी काहीही असो, थांबू नका.

उरला अंगातून निघणाऱ्या गरम वाफांचा प्रश्न, आणि इथे इतिहास पुन्हा 'हिस्टेरिया'शी येऊन मिळतो. १८७२ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट बॅटी यांनी पाळीच्या त्रासावर उपाय म्हणून अंडाशयं काढली. लवकरच ही शस्त्रक्रिया 'हिस्टेरिया'वरही होऊ लागली. त्या तरुण बायकांना एकाएकी वाफा, घाम, निद्रानाश सुरू झाला. १८९६ साली व्हिएन्नाच्या एमिल क्नाउअर यांनी सशांवर प्रयोग केले. अंडाशय मूळ जागेवरून काढून दुसरीकडे रोवलं तरी त्याचं काम चालतं, हे त्यांना दिसलं. म्हणजे ते रक्तात काहीतरी सोडत होतं. १९२३ साली ॲलन आणि डॉइझी यांच्या कामातून त्या द्रव्याचा, इस्ट्रोजेनचा, माग लागला. अंडाशयं गेली की ते अचानक थांबतं. पाळी नैसर्गिकपणे जाताना जे काही वर्षांत घडतं, ते इथे काही दिवसांत घडतं. हाडंही लवकर ठिसूळ होऊ लागतात.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या पाहणीसाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, आणि त्यांत तरुण बायकाही होत्या. अशी बाई कंबर आणि सांधे दुखतात म्हणून येते तेव्हा मला आधी एकच गोष्ट हवी असते: तिची अंडाशयं ठेवली आहेत का? पुष्कळदा तिला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. त्यावर 'बीएसओ' असं लिहिलं असेल तर दोन्ही अंडाशयं काढली आहेत असा त्याचा अर्थ. लिहिलं नसेल, तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारून त्यांच्याच हाताने लिहून घ्या. काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा रिपोर्टही त्याच पाकिटात ठेवा, आणि पुढे कुठल्याही दवाखान्यात जाताना ते पाकीट सोबत न्या.