समुद्र नाही, पण प्रश्न आहे ना!

संशोधनाचा विषय निवडताना आपल्या यवतमाळ-वणीकडे एक अडचण हमखास सांगितली जाते: इथे समुद्रच नाही. मग डॉ. सय्यद झहूर कासिम बघा. जन्म अलाहाबादचा, समुद्र तिथेही नाहीच. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघालेल्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेचे ते नेते, हे तुम्ही वाचलं असेल. पण मुळात हा माणूस माशांच्या प्रजननाचा अभ्यासक. मासे अंडी कधी घालतात हे त्यांनी १९५६ च्या निबंधात माशांच्या प्रदेशाशी ताडून पाहिलं. थंड पाण्यातले बहुतेक हिवाळा-वसंतात, उबदार पाण्यातले उन्हाळ्यात. पिल्लांना खाणं कधी मिळेल, यावर सगळा हिशेब.

आता हाच प्रश्न अंटार्क्टिकाच्या खोल पाण्यातल्या स्नेलफिशला लावा. पाणी शून्य अंशाच्या आसपास, उजेड नाही. अंगाला खवले नाहीत, मांस जेलीसारखं लिबलिबीत. अंडी थोडी पण मोठी, म्हणून पिल्लू बाहेर येतं तेच बऱ्यापैकी वाढलेलं. मग त्याला ऋतूशी देणंघेणं किती? उत्तरासाठी बारा महिन्यांतल्या माद्या हव्यात, आणि हिवाळ्यात तिथे बर्फामुळे जहाजं जवळपास पोचतच नाहीत. म्हणून या माशावरचा निबंध हातात आला, की आधी नमुन्याचा महिना बघा, निष्कर्ष नंतर.